आईच्या पानातली मांदेली

१५ डिसेंबर १९९६, उधना

आज आईचं तेरावं झालं. नातेवाईक आले, सुरेशच्या कारखान्याचे शेठही जेवून गेले. सगळं व्यवस्थित झालं असं सगळे म्हणाले.

व्यवस्थित कसलं? आईच्या पानात मांदेली नव्हती. माणसाला आवडायचं तेच त्याच्या पानात ठेवतात ना आपल्यात? म्हणून मी सकाळी बाजारातून ताजी, पिवळीधमक मांदेली आणली. सुरेशने, माझ्या धाकट्या भावाने, पिशवी हातातून काढून घेतली. "ताई, शेठ येताहेत. घरात वास नको." पिशवी मागच्या दाराला टांगली आणि पानात श्रीखंड वाढलं. आईने श्रीखंडाला कधी बोट लावलं नव्हतं.

तेवढंही मी गिळलं असतं. पण जेवताना हा शेठना गुजरातीत सांगतो, "बा तो शुद्ध शाकाहारी हतां." म्हणे आई शुद्ध शाकाहारी होती! आणि वर त्यांच्यासारखं 'बा', आई म्हणायचीही लाज.

मावशी माझ्या कानाशी लागली, "गेल्या महिन्यात माझ्याकडे ताटभर मांदेली खाल्ली हिने. मेल्यावर माळ घातली का गं?"

मला हसू आलं नाही. लहानपणी मांदेलीचे काटे काढून याला कोणी भरवलं? तीच आई ना? मग तिच्यात लपवण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी सुरेश पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेला. मी पिशवी काढली. मांदेली मऊ पडली होती, पण वाया गेली नव्हती. डोकी काढली, हळद, तिखट, मीठ लावलं आणि दार सताड उघडं ठेवून तळली. आईचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. उरलेली एकटीने बसून खाल्ली. मग कढई घासून पालथी घातली.