तीनशे ऐंशी मीटरवरचा रस्ता

दीक्षितपुरा, जबलपूर
२१ सप्टेंबर

ती. भय्यासाहेबांस श्रीपादचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे, ताठच स्वीकारावा.) वहिनींचा गुडघा कसा आहे? पुण्याची हवा मानवली ना? आम्ही ठीक आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

परवा ऑफिसाने मला भेडाघाटच्या पुढे कुंडटोल्याला पाठवलं, गावं रस्त्याने किती जोडली आहेत ते मोजायला. नियम सोपा: पक्का रस्ता गावापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असला, की गाव ‘जोडलेलं’. यादी तीस तारखेला बंद होते. तिच्यात ‘जोडलेलं’ पडलं, की त्या गावाने नवा रस्ता विसरायचा. सात किलोमीटर अलीकडेच जीप चिखलात बसली (ड्रायव्हर विष्णू म्हणाला, "तुम्ही मोजून या साहेब, मी मनाने सोबतच आहो"), म्हणून पायी निघालो. गावच्या देवळापाशी मोबाइल उघडला. मोबाइल म्हणतो, पक्का रस्ता तीनशे ऐंशी मीटरवर. गाव जोडलेलं.

मी हबकलोच. मग आत्तापर्यंत मी तुडवलं ते काय होतं? मान वर केली, तर खरंच समोर डांबरी रस्ता, त्यावर बस! फक्त मध्ये नर्मदेची दरी. संगमरवराचे उभे कडे आणि खाली हिरवं पाणी. बसचा कंडक्टर सगळ्या गावाला चेहऱ्याने ठाऊक आहे, पण तिच्यात बसायचं तर वळसा एकोणीस किलोमीटरचा. मागच्या वैशाखात वऱ्हाड चुकून पलीकडे उतरलं. नवरानवरीने दरीवरूनच एकमेकांना बघून घेतलं. वऱ्हाड वळसा घालून पोचेपर्यंत मुहूर्त टळला आणि पुऱ्या संपल्या.

सरपंच विनीताजींनी मोबाइल हातात घेऊन वाचला. "काय भैया, जे मशीन उड़ के आई है का?" मग सुनेला पुढे केलं. दीपा, नववा महिना. "तो इसको भी उड़ा के अस्पताल ले जइयो." सगळे हसले. मला हसता येईना.

घरी शरयू म्हणाली, "असे काहून भेदरून राहिले? ‘जोडलेलं नाही’ लिहा अन् व्हा मोकळे." लिहिलं. साहेबांनी कागद परत केला: चौदा वर्षांपूर्वीच्या अहवालात ‘रस्ता प्रत्यक्ष पाहिला’ असा शेरा आहे. आणि एकाने पाहिलेला रस्ता दुसऱ्याने नाही म्हणायचा नाही, ही आमच्या ऑफिसची रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

बाकी सर्व कुशल.

आपला,
श्रीपाद

ता. क. शेजारचा आलोक पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पत्र आणि आवळ्याचा मुरंबा पाठवतोय. सहज.

ता. क. २. सहज नाही. शेऱ्याखालची सही तुमची आहे. रस्ता नेमका कुठे उभं राहून पाहिलात, एवढं दोन ओळींत लिहून त्याचा फोटो तीस तारखेच्या आत मोबाइलवर पाठवा.

ता. क. ३. आठवत नाही म्हणू नका. गावाला आठवतंय. दरीपलीकडे जीपमधून उतरून एका साहेबांनी हात हलवला होता. लोकांना वाटलं, साहेब येताहेत. गावाने चहा टाकला होता.