गरम करून बघ, दादा

ता. १४ मार्च, दुपार

प्रिय धाकटीस,

दादाचे आशीर्वाद, नको असतील तर नुसती चौकशी समज.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या वहिनीचा गुडघा तिच्यासारखाच आहे: कुरकुरतो, पण थांबत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. गॅरेजात तुझं स्टूल टेबलाशीच आहे. कोणी बसत नाही, मी फक्त त्यावर जेवणाचा डबा ठेवतो.

दाईबाईंची गाडी आठवते? (न आठवायला काय झालं!) वीस मिनिटं गुणी मुलीसारखी चालायची, मग तिसरा गिअर धरून हटून बसायची. गेल्या वर्षी मी गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, म्हणजे गिअर कधी बदलायचा ते ठरवणारी डबी, टेबलावर तपासून ‘निर्दोष’ ठरवलं, अख्खा गिअरबॉक्स बदलला आणि युनिट मात्र तेच जुनं बसवलं. थंडीभर बरी चालली; परवा ऊन तापलं तशी गाडी तेच दुखणं घेऊन परत आली. दाईबाई म्हणाल्या, “भाऊ, बाळं माझ्यासाठी थांबत नाहीत हो.”

मग मी वहिनीचा हेअर ड्रायर पळवला. “तुमच्याकडे वाळवायला केस उरलेत कुठे?” असं तिने विचारलंच. युनिट तपासणीच्या यंत्राला जोडलं, गरम वारा सोडला. सहा मिनिटं सगळे आकडे शहाणे. सातव्या मिनिटाला वेगाचा आकडा गडप! गार वारा सोडला, हजर. पुन्हा गरम, पुन्हा गडप. या वयात मी टेबलाभोवती नाचलो गं. झाकण उघडलं, तर एका पिनेच्या सोल्डरभोवती, त्या कथलाच्या डाखाभोवती, केसाएवढी गोल चीर. गार असताना मिटायची, तापली की उघडायची. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ घोकून मी पंडित झालो. पण जी गाडी तापल्यावर आजारी पडते, तिची नाडी मी गार असताना बघतोय, हे काही ध्यानात आलं नाही.

सोल्डर नव्याने केलं, तिसऱ्या प्रयत्नात. तुझा हात असता तर पहिल्याच. दाईबाईंना बसवून तासभर चढ-उतारांवर फिरवलं. त्यांच्या हातातला चहा हिंदकळलासुद्धा नाही.

“कोणी शोधलं हो?”

“आम्ही,” मी म्हणालो. ते ‘आम्ही’ पुढच्या वळणापर्यंतच टिकलं.

गाडी कडेला घेतली. म्हटलं, गेल्या वर्षी तुमच्यादेखत धाकटी म्हणाली होती, “दादा, गरम करून बघ,” आणि तुमच्यादेखतच मी म्हणालो, “हे गॅरेज आहे, स्वयंपाकघर नाही.” ती ॲप्रन खुंटीला लावून गेली, ती गेलीच. तिचं बरोबर होतं. मी निदानात चुकलो, आणि बोलण्यात त्याहून.

दाईबाई हसल्या. “मला काय सांगताय? तिला लिहा. कळा सुरू झाल्या की उशीर करू नये.”

म्हणून लिहितोय. जॉबकार्डावर ‘निदान’ या रकान्यात तुझं नाव घातलंय. पुढे सहीची जागा कोरी आहे. स्टुलावरचा डबा उचललाय. सही करायला ये. आलीस की आधी भांड, मग बस.

तापल्याखेरीज ज्याची चीर दिसली नाही,
तो तुझा दादा