खोट्या पोटदुखीची नोकरी

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वादासाठी हात उचलू नकोस, खांदा आखडलाय तुझा. मनातल्या मनात दिलास तरी पोचेल.) तुझा खांदा, तुझी कंबर, जळजळ, डोळ्यांपुढची अंधारी आणि कुठल्याच डॉक्टरला न सापडणारं ते बरगडीखालचं काहीतरी, सगळी मंडळी कशी आहेत? काकांची चौकशी करत नाही, कारण ते 'मला काय धाड भरलीय' एवढंच म्हणणार. मी इकडे खुशाल आहे. म्हणजे सकाळी पोटात दुखतं, दुपारी छातीत कळ येते आणि अधूनमधून शुद्ध हरपते, पण तो सगळा नोकरीचा भाग आहे. घाबरू नकोस, बूड टेकून पुढे वाच.

तुझं पत्र मिळालं. काकांचा गुडघा घेऊन तुम्ही दोघं इकडे येताय, तिकिटं काढून झालीत, आणि 'आमची भाची तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे, ती बघेल' हे जिन्यात भेटेल त्याला सांगूनही झालंय. मावशी, तू खोटं बोलली नाहीस. मी मोठ्या हॉस्पिटलातच आहे. फक्त तुला वाटतं तशी खाटेशेजारी उभी नाही. मी खाटेवर आहे.

आता सुरुवातीपासून सांगते. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरला या देशात कुणी लगेच रुग्णाला हात लावू देत नाही. आधी परीक्षा. त्यातल्या लेखीतून मी एका दमात सुटले. (घोकंपट्टीला आपण कधी घाबरलोय?) घोडं अडलं ते बोलण्याच्या परीक्षेत. ही भानगड अशी असते की एका खोलीत एक धडधाकट माणूस रुग्णाचं सोंग घेऊन बसतो, कोपऱ्यात परीक्षक असतो, आणि आपण त्या सोंगाशी गोड बोलायचं. निदान चुकलं तर एक वेळ चालेल, पण 'तुम्हाला याबद्दल काय वाटतं' हे विचारलं नाही तर नापास! मावशी, मी घरी असताना दवाखान्याबाहेरची रांग तू पाहिली आहेस. त्यातल्या एकाला काय वाटतं ते विचारत बसले असते तर बाकीच्यांना काय वाटलं असतं? शिवाय मी ज्या सरांच्या हाताखाली शिकले ते आधी रागवायचे आणि मग तपासायचे. रुग्णही घरी जाऊन कौतुकाने सांगायचे, फार मोठे डॉक्टर आहेत हो, काय झापलं मला! न झापणाऱ्या डॉक्टरच्या औषधाने आपल्या माणसांना गुण येत नाही, हे तू तरी नाकारू नकोस. तर पहिल्या परीक्षेत माझ्यापुढे एक बाई आल्या, जुनाट खोकल्याचं सोंग घेऊन. मी सवयीने विचारलं, इतके दिवस काय झोपा काढत होतात? बाईंचा खोकला खोटा होता पण रडू खरं आलं. नापास. दुसऱ्या वेळी ठरवलं की आपलं तोंडच वाईट, तेव्हा ते उघडायचंच नाही. इतकी गप्प बसले की शेवटी रुग्णानेच माझा हात धरून विचारलं, तुम्हाला बरं नाही का? पुन्हा नापास. आता एकच संधी उरली. ती गेली की इथली डॉक्टरकी कायमची बंद, आणि गाशा गुंडाळून परत. हे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या जिन्यातल्या लोकांना काय तोंड दाखवायचं, या विचाराने माझी अन्नावरची वासनाच उडाली होती.

पण परीक्षेपर्यंत पोटापाण्याचं काहीतरी बघायला हवं होतं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांच्या सरावासाठी अशीच सोंगाडी माणसं लागतात. तिथे मी गेले. या सगळ्या खोट्या रुग्णांवर एक बाई नेमलेल्या आहेत, त्यांना मी मुकादमबाई म्हणते. (मनात. तोंडावर अजून म्हटलेलं नाही.) त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, म्हणाल्या, चेहरा छान दुखरा आहे, आणि पोटदुखी देऊन टाकली. मावशी, डॉक्टर म्हणून ज्या देशात मी दोनदा नापास झाले, त्याच देशात रुग्ण म्हणून पहिल्या फटक्यात पास झाले.

पहिल्या दिवशी मात्र गडबड झाली. एक लाजरा मुलगा आला, कुठे दुखतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडे खाली सरकलंय, दाबून हात सोडला की कळ जास्त येते, ताप बेताचा आहे, अपेंडिक्सला सूज दिसते, रक्त तपासून घ्या आणि सर्जनला बोलवा, उशीर नको. त्याने सगळं उतरवून घेतलं, मला वाकून धन्यवाद दिले आणि गेला. त्या दिवशीची सगळी तुकडी अशी निदानं करत सुटली की मोठे प्राध्यापक हरखून गेले, यंदाची मुलं म्हणजे रत्नं आहेत म्हणाले. मग भांडं फुटलं. मुकादमबाईंनी मला बोलावून बजावलं, की तुम्हाला काहीएक कळत नाही असं धरून चला. इतकी वर्षं डोळे फोडून जे शिकले ते न कळल्याचा आता मला पगार मिळतो.

तिथे माझे गुरू म्हणजे विव्हळराव. हे नावही मीच ठेवलंय. म्हातारे नट आहेत. उभी हयात नाटकात दाराशी उभं राहून 'महाराज, पाहुणे आलेत' म्हणण्यात गेली, आणि आता म्हातारपणी मुख्य भूमिका मिळाली ती पोटदुखीची. मी आले आणि मुकादमबाईंनी त्यांची पोटदुखी काढून मला दिली, त्यांना पाठदुखीवर टाकलं. तो सल त्यांच्या मनात कायम आहे. पाठीत काय राम आहे, चेहरा उशीत जातो, असं येताजाता ऐकवतात. पण माणूस दिलदार. कण्हणं घशातून नव्हे, बेंबीच्या देठापासून आलं पाहिजे, हे त्यांनीच मला शिकवलं. आता मी अशी कण्हते की बाहेरून जाणारे झाडूवाले पाण्याचा पेला घेऊन आत येतात.

एक गोष्ट मात्र सांगायचीच राहिली होती. एकदा एक मुलगी आली, शिकाऊ. पोट तपासायला विसरलीच, पण खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, घरी कोण असतं तुमच्या? एकट्याच राहता का? आणि मावशी, मला भसाभसा रडू आलं. भूमिकेत अश्रू नव्हते. मुकादमबाईंनी नंतर सांगितलं, जास्त झालं. पण मला इथे आल्यापासून असं कुणी विचारलंच नव्हतं गं. तुम्ही फोनवर विचारता तेव्हा मी 'मजेत' म्हणून मोकळी होते, आणि तुम्हीही लगेच आपली दुखणी सुरू करता. त्या पोरीला त्या दिवशी सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मिळायलाच हवेत. माझं पोट दुखत नव्हतं तरी मला बरं वाटलं.

आता त्या शेवटच्या परीक्षेकडे वळते. (पाणी पिऊन ये.) केंद्र दुसऱ्या इमारतीत होतं, पण खोली अगदी आमच्यासारखी. तीच अरुंद खाट, तीच खुर्ची, तोच हात पुसायच्या कागदांचा डबा, तसाच कोपऱ्यात परीक्षक. दाराबाहेर मी घोकत होते, हसायचं, नाव सांगायचं, काय वाटतं विचारायचं, झापायचं नाही. घंटा झाली. मी दार उघडलं, आणि मावशी, पायांनी दगा दिला. रोजच्या सवयीने ते सरळ खाटेकडे गेले. मी बूट काढले, आडवी झाले, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि बेंबीच्या देठापासून कण्हले.

खुर्चीत खरा खोटा रुग्ण बसला होता. विव्हळराव! परीक्षेला माणसं मुकादमबाईंनीच पुरवली होती, आणि आज त्यांना त्यांची आवडती पोटदुखी परत मिळाली होती. मला बघून ते क्षणभर गडबडले, पण जातिवंत नट तो, समोरचा चुकला म्हणून आपण थांबायचं नाही हे रक्तात भिनलेलं. ते माझ्यापेक्षा मोठ्याने कण्हले. मग मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने. खोलीत दोन रुग्ण आणि डॉक्टरचा पत्ता नाही. परीक्षक एकदा आमच्याकडे बघत, एकदा हातातला कागद उलटा करून बघत. शेवटी विव्हळराव दातओठ खाऊन पुटपुटले, बाई, आज पोट माझं दुखतंय!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेवटची संधी, आणि मी ती पोट धरून झोपून घालवत होते! उठायला हवं होतं, म्हणून पडल्या पडल्या खाटेखाली बूट चाचपू लागले. तेवढ्यात विव्हळराव उठून आले. त्यांच्या भूमिकेत दुखणं वाढलं की रुग्ण खाटेवर आडवा होतो असं लिहिलेलं, आणि लिहिलेलं सोडायचं नाही हा त्यांचा बाणा. मला कोपराने भिंतीकडे सरकवून ते शेजारी आडवे झाले. खाट एका माणसाची. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहिलो.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. घोकलेलं सगळं पार विसरले होते. मी म्हटलं, इथून फार वाईट दिसतं ना सगळं? वरून बोलणाऱ्याच्या फक्त नाकपुड्या दिसतात, आणि तो जे बोलतो ते आपल्याबद्दल आहे असं वाटतच नाही. मला माहीत आहे, मी इथे रोज झोपते. तुम्हाला भीती वाटते का हो? हा प्रश्न त्यांच्या भूमिकेत नसावा. विव्हळराव कण्हणं सोडून साध्या आवाजात म्हणाले, वाटते. नाटकात पुष्कळदा मेलोय, पण ते पडदा पडेपर्यंतच. मग मी कोपरावर उठून त्यांचं पोट तपासलं. किती दिवसांपासून दुखतंय विचारल्यावर त्यांनी जो भलामोठा काळ सांगितला तो ऐकून 'झोपा काढत होतात का' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. निदान सांगणार तोच घंटा झाली. बूट हातात घेऊन बाहेर पडले, आणि दारातून परीक्षकांना सवयीने म्हणाले, पुढच्या विद्यार्थ्याला पाठवा.

तर मावशी, असं आहे सगळं. निकाल लागायचाय, पण तो काय लागणार हे शेंबडं पोरही सांगेल. तुझी भाची धड डॉक्टर नाही आणि धड रुग्णही नाही. तिकिटं रद्द करू नकोस, तुमच्याबरोबर मीही सामान बांधून परत येईन, तेवढीच मला सोबत. जिन्यातल्या मंडळींना काय सांगायचं ते तू ठरव, तुला थापा माझ्यापेक्षा चांगल्या जमतात. काकांना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला आधार, आणि तुझ्या सगळ्या दुखण्यांना नावानिशी प्रेम.

तुझी, सध्या आडवी असलेली,
भाची

ता. क. हे पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. निकाल आला. मी पास! शेरा जसाच्या तसा उतरवते: 'रुग्णाच्या पातळीवर उतरून संवाद साधण्याचे इतके उत्तम उदाहरण आजवर पाहण्यात आले नाही.' विव्हळरावांनीही (इथे खोटा रुग्णसुद्धा गुण देतो) मला पैकीच्या पैकी गुण दिलेत, खाली एवढंच लिहिलंय की खाट रुंद हवी. तेव्हा जिन्यात सांगितलेलं काही बदलू नकोस.

आणखी एक ता. क. आता खरं काम. मी डॉक्टरकीकडे गेल्यामुळे इथली पोटदुखीची जागा रिकामी झाली, आणि विव्हळराव एकटे सगळी पोटं सांभाळू शकत नाहीत. मुकादमबाई हवालदिल आहेत. मी त्यांना म्हटलं, माझी एक मावशी येतेय, जिला बारा महिने काही ना काही होतं आणि आजवर एकाही डॉक्टरला ते सापडलेलं नाही. बाईंनी माझे हातच धरले. तेव्हा तुझं नाव देऊन बसले आहे, नाही म्हणू नकोस. भाषेची चिंता नको, कण्हायला भाषा लागत नाही. बरगडीखालचं ते जपून घेऊन ये, त्यावर प्राध्यापक मंडळींचा डोळा आहे. काका नकोत, ते पहिल्याच मुलाला 'मला काय धाड भरलीय' म्हणून घरी पाठवतील.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता हे लिहितेय. आज डॉक्टरकीच्या पहिल्या दिवशी पहिला खराखुरा रुग्ण आला. समोर बसला आणि म्हणाला, डॉक्टर. मी चटकन मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मी बघतेय म्हणून तो बिचाराही मान वाकडी करून बघायला लागला. दोघंही दाराकडे टक लावून बसलो. शेवटी मीच म्हटलं, आल्या डॉक्टर. सांगा.