चौकातल्या चिलखती गाडीचं आधुनिकीकरण

४ नोव्हेंबर
सैन्याने बाद केलेली चिलखती गाडी आज गावात आली. चौकात शोभेला ठेवणार. चौथरा व्हायचाय, तोवर रस्त्याकडेला उभी. मी मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीतला माणूस. अशाच गाड्यांतून आमचं पायदळ लढाईला जायचं. मी स्वतः स्टोअरमध्ये होतो, पण एकूण एक पार्ट माझ्या हातून गेलाय. पेपरात आलंय, सैन्य जुन्या गाड्या अपग्रेड करतंय. नवं इंजिन, नवे कॅमेरे. हे इथंही होऊ शकतं. संविधान दिनी गाडी चालवून दाखवायची. ठरलं.

५ नोव्हेंबर
आत शिरून पाहिलं. जुनं इंजिन आधीच काढून घेतलंय. म्हणजे अर्धं काम झालं.
सरपंच नीलाबाईंना भेटलो. म्हणाल्या, "रंग मारून द्या भाऊ, लय झालं." परवानगी मिळाली. रंगाच्या आधी इंजिन येतं, ही टेक्निकल बाब. त्यांना त्रास दिला नाही.

९ नोव्हेंबर
इंजिनाचा प्रश्न सुटला. मेहुण्याचं, प्रफुलचं, धान कापायचं हार्वेस्टर आमच्याच अंगणात उभं असतं. तेही या गाडीसारखं चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवरच चालतं. तो सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हेमलकशाला घेऊन गेलाय. फोन लागला नाही. म्हणजे हरकत नसावी.
बायको, सत्यशीला, म्हणाली, "त्याचं धान उभं आहे. काऊन हात लावून राह्यले?" समजावलं, देशाचा प्रश्न आहे. तिने विचारलं, देशानं तुमाले सांगतलं काय? विषय वाढवला नाही. तिचा आवाज शेजारी जातो.

१४ नोव्हेंबर
ट्रॉल्या बनवणाऱ्या सोमाजीकडून इंजिन बसवून घेतलं. कसं जोडू, असं विचारत होता. मी म्हटलं, मजबूत.

२० नोव्हेंबर
कॅमेरा बसवला. किराणावाल्या सुनिलचा आहे. चित्र येतं, पण त्याच्याच मोबाइलवर. समोर काय दिसतं ते त्याने मला फोन करून सांगायचं. सिस्टिम तयार.

२४ नोव्हेंबर
प्रफुल परतला. हार्वेस्टरचं झाकण उघडून रिकाम्या जागेत हात फिरवत राहिला. भावनिक झाला असावा. माझ्याऐवजी बहिणीला, सत्यशीलेला, म्हणाला, "बाई, हवामानवाल्यानं पाणी सांगतलं आहे." मी शब्द दिला, कार्यक्रम झाला की लगेच इंजिन परत.

२६ नोव्हेंबर
संविधान दिन. उद्देशिकेचं वाचन झालं. मग मी गाडी सुरू केली. सुरू झाली! टाळ्या. मग एकच पट्टा फिरला. गाडी जागच्या जागी गोल फिरत गेली, नवा सिमेंट रस्ता उखडला आणि रस्त्यातच आडवी होऊन बंद पडली. वळण्याची क्षमता उत्तम आहे, हे सिद्ध झालं. मागे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग गावाबाहेर गेली. ड्रायव्हर उतरून फोटो काढत होते. प्रसिद्धी मिळाली.
सुनिलचा फोन आला, "चित्र एकदम क्लिअर आहे भाऊ. तुमी पळून राह्यले ते दिसते."

२८ नोव्हेंबर
क्रेनने गाडी बाजूला केली. इंजिन काही निघत नाही. कालपासून पाऊस. प्रफुलचं धान आडवं झालं. सत्यशीला जेवण वाढून दुसऱ्या खोलीत गेली. मी ऐकू जाईल असं म्हटलं, पावसावर माझा कंट्रोल नाही. कोणी विचारलं नव्हतं.

२ डिसेंबर
प्रफुलच्या शेतात गेलो. सगळे विळ्याने ओलं धान कापत होते. सत्यशीलाही. मीही वाकलो. कंबर धरली. मजुरीला आलेल्या सुगंधाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी धुऱ्यावर बसा. कापता कमी, तुडवता जास्त."
बसलो. तसंही बांधावरून सगळं शेत दिसतं, सूचना देता येतात. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी विचारलं, "कोन होय?" मी नाव सांगितलं.
त्या चाचपडत उठल्या आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसल्या.