वहीतले मोकळे दिवस

दादा, तुमच्या पावसाच्या वह्यांचं पुढं काय झालं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय. तुम्ही असतात तरी विचारलं नसतंत म्हणा. वही भरली, पुण्याला पाठवली की तुमच्या लेखी काम संपायचं.

तळेघरच्या शाळेमागं तारेच्या कुंपणात ते पावसाचं माप होतं. रोज सकाळी साडेआठला तुम्ही इरलं घेऊन जायचात, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचात आणि आकडा वहीत लिहायचात. आमच्याकडचा पाऊस तो, एका नळीत मावतोय कुठला! आवणीच्या दिवसांत सगळं गाव खाचरात वाकलेलं, आणि तुम्ही मात्र हातातली रोपं टाकून निघायचात. आई करवादायची, मोजल्यानं पाऊस काय कमी पडणार आहे का म्हणून. तुम्ही नुसते हसायचात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी आठवीत होते. तुम्ही तापानं फणफणलेले, म्हणून माप तुमच्या या लेकीकडं आलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ओढ्याला पाणी चढलं, मी गेलेच नाही. चौथ्या दिवशी सगळं पाणी एकदम मोजलं आणि अर्धं-अर्धं करून दोन्ही दिवसांवर टाकलं. लई शहाणी ना मी! तुम्ही अंथरुणातूनच वही मागवलीत. दोन दिवस एकच आकडा बघून म्हणालात, "पाऊस म्हंजी काय परसाद हाय व्हय, वाटून द्यायला? नाय मोजला तर नाय मोजला, असं लिव्हावं. मोकळं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे." आणि दोन्हीवर रेघ मारलीत. मला रडू आलं, तुमचा रागही आला. एवढ्याशा आकड्यानं कुणाचं काय बिघडणार होतं?

पुढं मी शिकले, पुण्यात हवामानाच्याच कामाला लागले. ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. दोन हजारनंतर एकदा आमच्याकडं मोठी बैठक बसली. पाऊस का बदलतोय, पुढचा कसा सांगायचा, त्यासाठी आधी कशाचा अभ्यास हाती घ्यायचा? समुद्र झाला, ढग झाले, कॉम्प्युटर झाले. शेवटी ठरलं, डोंगराकडच्या जुन्या नोंदी आधी नीट लावायच्या, त्याशिवाय बदल कळणार कशावरून? मला भरून आलं, दादा. पण लगेच नियमही झाला, की ज्या वह्यांत मोकळे दिवस जास्त, त्या गाळायच्या.

तुमच्या वह्यांत दर पावसाळ्याला मोकळे दिवस. कधी ओढा, कधी ताप, पुढं तुमच्या अक्षरात 'मोजला नाही'. दुसऱ्या एका गावची वही मात्र भरगच्च, एक दिवस सुटलेला नाही. चाळून बघितली तर ऐन पावसात जोडीजोडीनं तेच आकडे. ते कसे आले, हे मला कुणी सांगायला नको होतं. ती वही राहिली, तुमची गेली. माझा धाकटा भाऊ अजून तळेघरहून फोन करतो, तू हापिसात हायस, सांग की पाऊस कवा उघडंल. तुमच्या नोंदींवाचून आमच्या अंदाजात तिकडच्या डोंगराचा पाऊस धड बसत नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि फोन ठेवते.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? कपाटातच राहील. पण एक सांगते. तुमची वही गाळण्याआधी साहेबांनी सगळ्यांना विचारलं होतं, "तळेघरला नोंदी ठेवणारा माणूस कसा होता, कुणाला माहीत आहे?" बापाची बाजू घेते म्हणतील, याची मला भीती वाटली. मी म्हणाले, "नाही, सर."