ह्यांची खुशाली

२ डिसेंबर, मंगळवार
लग्नसराई. सोळा ब्लाऊज कापायचे पडलेत, पिको-फॉल वेगळंच. दुपारी दुकानाच्या नंबरवर फोन. वाटलं, बाही सैल करून मागणारी कुणी असेल.
"दीदी, राहाता से बोल रही हो ना? मैं गोपाल. गोपाल टेलर. साइकिलवाला."
कात्री हातात तशीच.
शिर्डीला दर्शनाला येतायत. तो, बायको, मुलगी. रविवारी, १४ तारखेला. "शिर्डी से आपका गाँव पास ही तो है. मशीन-वशीन की बात नहीं है दीदी, वो तो गयी. भैया से मिलना है, बस."
मी म्हटलं, हां हां, आइए. जीभ कशी वळली कोण जाणे.
फोन ठेवला तर समोर मशीन. त्याचंच. माझा मोरपंखी दोरा ओवलेलं. चोरीला गेलेलं मशीन असं दिवसाढवळ्या दुकानात बसलंय, पाच वर्षं.
आणि भैया तर
पुढचं आज लिहवत नाही. दोन गिऱ्हाइकं उभी आहेत.

३ डिसें., बुधवार
लिहून काढते एकदा. मापांची वही उलटी धरली की मागची पानं माझी. पुढून छाती ३६, बाही ९. मागून मी.

लॉकडाऊनचा पहिला उन्हाळा. बागेत शेवटचा पेरू पिकून गळत होता. व्यापारी नाही, मार्केट बंद. हे रोज क्रेट भरून नगर-मनमाड रोडला जाऊन उभे राहायचे, तोंडाला उपरणं बांधून. पुण्याकडून माणसं चालत यायची. आख्खी कुटुंबं. टीव्हीवर दाखवत होते ते आमच्या रस्त्यावरून चाललं होतं. हे प्रत्येकाच्या हातात पेरू द्यायचे आणि म्हणायचे, फुकट आहे, घाबरू नका.

गोपाल त्यातलाच. पुण्यात शिवणकाम, गाव खंडव्याच्या पुढे. सायकलच्या कॅरिअरला गोधडीत बांधलेलं शिलाई मशीनचं मुंडकं, नळीवर चार वर्षांची पोर, मागून बायको चालत. मागचं चाक वाकलं होतं. पोर बसवायची की मशीन, दोन्ही झेपत नव्हतं. ह्यांनी मशीन उतरवून घेतलं. कागदावर आपला नंबर लिहून दिला. "तुझी ठेव आहे बाबा. कधीही ये, ने."

महिन्याभराने भंगारातून लोखंडी पाय-सांगाडा आणला आणि त्यावर ते मुंडकं बसवलं. मी म्हटलं, दुसऱ्याचं आहे. म्हणाले, "पडून राहिलं तर गंजेल. तू चालतं ठेव, म्हणजे त्याला चालतं देता येईल." मला माहेरी थोडं शिवता यायचं. मास्क शिवायला लागले. दसऱ्याला ह्यांनी विळे-कुदळींबरोबर त्याचीही पूजा केली, झेंडूचं फूल चाकात अडकवून.

५ डिसें., शुक्रवार
पुढचं. हे लिहायचंच होतं तर कालच का नाही लिहिलं? काल आस्तर आणायला जायचं होतं. बरं.

पुढल्या उन्हाळ्यात दुसरी लाट. ह्यांना नगरला नेलं. अॅम्ब्युलन्सच्या काचेतून हात केला. आठव्या दिवशी फोन आला. सगळं तिकडेच उरकलं. कुणाला चेहरासुद्धा दिसला नाही. ना मला, ना आमच्या पोरीला, ऋतूला, ना आत्याबाईंना. आत्याबाई माझ्या सासूबाई, ह्यांची आई.

तीन आठवड्यांनी ह्यांच्या मोबाईलवर, आता तोच दुकानाचा नंबर, गोपालचा फोन. काम मिळतंय, मशीन न्यायला कधी येऊ? मी तेव्हा त्याच मशीनवर बसले होते. ऋतू नववीत. बाग दिरांकडे गेलेली. दुसरं काही येत नव्हतं मला.
म्हटलं, "मशीन चोरी हो गयी."
मग म्हणाला, "कोई बात नहीं. आप लोग ठीक? भैया कैसे हैं?"
म्हटलं, "ठीक हैं."

पहिलं खोटं भीतीपोटी. ते माझं मला कळतं, पाप आहे ते. पण दुसरं का? पाच वर्षं विचार करतेय. मला वाटतं, त्या दिवसांत सगळे 'कसे गेले' विचारत होते. त्याने एकट्याने 'कसे आहेत' विचारलं.

६ डिसें., शनिवार
पानपाटीलबाईंच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. उसवत बसले.

उसवताना मनाने तिकडे गेले, गोपालच्या घरी. मी जाते तिकडे. पायाखाली मशीन एका लयीत लागलं की जाते. कौलारू घर, पुढे लिंबाचं झाड. खंडवा मी नकाशातही पाहिलं नाही, पण ते घर मला पाठ आहे. तिथे भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो नाही. तिथे कुणी बोलता बोलता म्हणतं, राहात्याचे भैया असे आहेत हां, तसे आहेत. 'होते' नाही.

इथे हे चव्वेचाळीसवर थांबले. तिकडे अठ्ठेचाळीस लागलं असेल. मिशी पांढरी झाली असेल. चष्मा? चष्मा नाही लावायचे, डोळे बारीक करून पेपर वाचतील. मला बघायला आवडतं ते.

८ डिसें., सोमवार
ऋतूला सांगितलं. ती कॉलेजवरून येऊन ताटावर बसलेली. घास हातातच राहिला.
"म्हणजे हे मशीन... आई!"
मग दहा मिनिटांत निकाल. आजकालची पोरं. "सोपं आहे. मशीन परत दे आणि खरं सांग. दोन वाक्यं आहेत."
दोन वाक्यं! शिकवणीचे पैसे फुकट नाही गेले हिच्या.
पुन्हा म्हणाली, "बाबा नुकतेच गेले होते म्हणून तू खोटं बोललीस. तसं सांग ना. ते लगेच माफ करतील."

तेच तर. लगेच करतील. अरेरे म्हणतील, बायको पदर डोळ्याला लावेल, माझा गुन्हा मिटला. म्हणजे मी ह्यांचं मरण पुढे करून सुटायचं. आणि ते घरी परत गेले की त्या लिंबाच्या झाडाखालीही हे 'होते' होणार. जगात एक घर उरलंय. तेही मीच बंद करायचं का?

ऋ. म्हणाली, तू दमलीयेस. झोप.
मशीन द्यायचं हे मात्र ठरलं. त्यात दोन मतं नाहीत. दुकानात आता आणखी दोन मशिनं आहेत, माझी. पण हात ह्याच्यावरच बसतो.

१० डिसें., बुधवार
आत्याबाई ओट्यावर हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. शेजारी बसले, खुडता खुडता सांगितलं सगळं. वाटलं, शिव्या देतील. मशीनचं त्यांनी ऐकून सोडून दिलं. एवढंच विचारलं, "म्हंजी त्यांच्या घरात माझा दत्तू जिता हाय?"
हो म्हटलं.
"आन त्येची खुशाली इचारत्यात?"
हो.
पुढची काडी उचलली, खुडली. मग म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू न्हाई बोलायचं."
म्हटलं, अहो पण ते भेटायला येतायत.
"यिऊंद्या की. मी तरी कुठं बघितला त्याला मेलेला? गाडीत बसून नगरला गेल्ता, हात केल्ता. तेवढंच मला ठावं."
पाच वर्षांत पहिल्यांदा बोलल्या असं. मी आत जाऊन रडले, खूप. रडून झाल्यावर भाजीला फोडणी दिली.

११ डिसें., गुरुवार
सकाळी धीर केला. फोनवरच सांगून टाकू, तोंड दाखवायची वेळ नको. फोन मुलीने उचलला. मुस्कान. नळीवर बसलेली ती. आता दहाव्या वर्षात.
"पापा दुकान पे हैं. आप कौन?"
राहात्याहून, म्हटलं.
"पेरूवाली आंटी?" एकदम किंचाळली. आईला हाका. मग पोरीची गाडी सुटली, थांबेना. घरी सारखी आमची गोष्ट होते म्हणे. तिला पाठ आहे. पेरू आतून गुलाबी होते. आंटीने बांधून दिलेली भाकरी अंकलने त्यांना दिली. आणि अंकलने आपल्या चपला काढून पापांना घातल्या, पापांच्या तुटल्या होत्या. "अंकल नंगे पाँव घर गये ना आंटी? उनके पाँव जले थे?"

मला माहीत नव्हतं.
आठवतंय, हे त्या दिवशी अनवाणी आले होते. मी विचारलं तर म्हणाले, अंगठा तुटला, दिली फेकून. मी वर बोललेही होते, नवी चप्पल ती, एवढीही सांभाळता येत नाही का. ऐकून घेतलं, हसले, पायावर पाणी ओतून घेतलं.
पाच वर्षांनी मला ह्यांची नवीन गोष्ट कळली. आता नवीन काही कळणार नाही, जे आहे तेच पुन्हा पुन्हा काढून बघायचं, असं धरून चालले होते मी. आणि ही पोर सहज बोलून गेली.
म्हटलं, नहीं बेटा, नहीं जले.
काही सांगितलं नाही. दिवसभर माणसासारखी शिवत होते, एकही चूक नाही.

१३ डिसें., शनिवार
मशीन पुसलं, तेल दिलं, चाकाची वादी नवी घातली. माझा दोरा काढला.
घरी आले तर पुढच्या खोलीत भिंत मोकळी. फोटोच्या जागी पांढरा चौकोन. आत्याबाईंनी स्टुलावर चढून काढला, त्या वयात! पडल्या असत्या म्हणजे. कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवलाय. हार वेगळा, कागदात गुंडाळून.
ऋ. भडकली. "हे काय नाटक चाललंय दोघींचं? माझे बाबा आहेत ते. माझं कुणी विचारलं?"
तिचंही खरं. तिच्याजवळ बसले. म्हटलं, तुला काय वाटतं, तुझ्या बाबांनी काय केलं असतं?
म्हणाली, "बाबांनी पहिल्याच दिवशी मशीन दिलं असतं."
मी उठून तिचं ताट वाढलं.
फोटो परत लावला नाही. काढला तो काढला. उद्या तोंड उघडेन. किंवा नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर सगळं लखलखीत आहे आणि वाट एक दिसत नाही.

१४ डिसें., रविवार
आले. साडेअकराला, रिक्षाने. मी हे चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघरात उभ्याने लिहितेय.

आधी दुकान लागतं, घर मागे. गोपाल पायरी चढला आणि तिथेच थांबला. मशीन मी दारातच आणून ठेवलं होतं. ओळखायला त्याला क्षण लागला नाही. चाकावरून हात फिरवला. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "चोरी नहीं हुई थी. मैं झूठ बोली. मेरे पास ही था."
अरेरे नाही, कोई बात नहीं नाही. माणूस बारीक झालाय, कानाजवळ पांढरा. शेवटी म्हणाला, "दो साल ईंट-भट्टी पे काम किया, दीदी." रागाने नाही. नुसतं सांगितलं. आजही दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसतो. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ऋतू माझ्या मागे येऊन उभी राहिली, हात धरला.

मग त्याने विचारलं, "भैया को मालूम था?"
असलं काही विचारेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.
म्हटलं, "नहीं. उनको नहीं मालूम था."
हे खरं आहे. आज बोललेलं दुसरं खरं वाक्य.
त्याने मान हलवली. चेहरा सैल झाला त्याचा. "हाँ. मैं भी सोचूँ. भैया होते तो..." आणि बायकोकडे बघून हसला, बघ मी सांगत नव्हतो का, अशा अर्थाने. त्याच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं असावं. मशीनचं नव्हे.
बायको हसली नाही. ती माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघत होती. मग तिने नजर खाली घेतली आणि पदर सारखा केला. कळलंय तिला. बोलली नाही.

"हैं कहाँ भैया?"
मी ऋतूकडे बघितलं. ऋतूने माझ्याकडे. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं.
मागून आत्याबाई म्हणाल्या, "नगरला गेलाय."
बोलून त्या तिथेच खुर्चीवर टेकल्या, दम लागल्यासारख्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.
गोपालने हातातली पिशवी खाली ठेवली. मुस्कानने चपला काढून ओळीने लावल्या, आपल्या, आईच्या, बापाच्या. तो भिंतीला टेकून मांडी घालून बसला, आत्याबाईंच्या पायाशी.
"कोई जल्दी नहीं है, अम्मा," म्हणाला. "तो रुकते हैं."