ताटाच्या काठावरचा भात

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुला ओळखणारी माणसंही एकेक करत तुझ्याकडेच आली. तरी सिंगापुरातून मी परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार माझ्या मानगुटीवरून उतरत नाही.

मी पलटणीत लांगरी होतो, शिपायांचा स्वयंपाक करायचो. जपान्यांनी कैद केल्यावर त्यांच्या अधिकाऱ्यांच्या खानावळीत मला सुशीच्या कामाला जुंपलं. ऊन भातात आंबट शिरका, साखर, मीठ कालवायचं, पंख्याने वारा घालायचा, ओल्या तळव्यावर घास घेऊन दोन बोटांनी दाबायचा, वर कच्च्या माशाचा काप. तिथला म्हातारा आचारी बोलायचा कमी आणि पळी हाणायचा जास्त. त्याची तेवढी भाषा मला पहिल्या दिवसापासून समजली. घास हातात सुटायला नको आणि तोंडात गेल्यावर टिकायला नको. पुढे पुढे माझी बोटं मला न विचारताच हे करू लागली.

इकडे पलटणीने मला बेपत्ता ठरवलं आणि चुलत्यांनी मेलेला. तू नको नको म्हणत असताना त्यांनी नीरेकाठी माझा दर्भाचा पुतळा जाळला, पिंड ठेवले, कावळाही शिवला म्हणे. माझ्या वाट्याची जमीन त्यांच्याकडे जायची होती, त्यामुळे विधीत कुठे कसूर नव्हती. लोणंदला गाडीतून उतरून मी दारात उभा राहिलो तेव्हा सगळ्यात मोठ्याने तेच रडले. ते दुःख अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तू भात केलास. आपल्याकडे भाकरी सोडून भात म्हणजे सणच. चुलते भिंतीला टेकून बसलेत, तू वाढतेस, मी खाली मान घालून जेवतोय. आणि माझी बोटं आपली चालूच. भाताचं एक मुटकं ताटाच्या काठावर, त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं.

"आवं वैनी, बघा," चुलते म्हणाले. "सोताचंच पिंड मांडतुया. म्या म्हनलं न्हवतं, ह्यो त्यो न्हवंच म्हनून?"

तेव्हा कुठे माझी बोटं थांबली. तू पळी खाली ठेवलीस, माझ्यासमोर बसलीस आणि ती मुटकी उचलून एकेक खाल्लीस.

"कावळ्याच्या आदी म्या खाल्लं, भावजी. आता कोन म्हनतंय माजा ल्योक मेला?"

चुलते उठून गेले. जमिनीचा विषय पुन्हा निघाला नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत तू माझ्यासाठी भात रांधला नाहीस. मी अंगणातून चाललो की तुझी नजर माझ्या पावलांवर असायची, टाचा मागेच आहेत ना, उलट्या नाहीत ना, हे बघणारी. त्या दिवशी तू लेकाला जिवंत ठरवलंस, की भुताला घरात ठेवून घेतलंस? तू होतीस तोवर विचारायचं धाडस झालं नाही. आता मी माधवनगरच्या गिरणीच्या खानावळीत रांधतो, पण भात वाढायला दुसऱ्याला सांगतो. कधी कधी चालता चालता मीही खाली बघून घेतो.

हे टपालात टाकून उपयोग नाही, म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. तू ते घास गिळत होतीस तेव्हा मी चुलत्यांकडे बघत नव्हतो, जमीन माझ्या डोक्यात नव्हती, मी जिवंत की मेलेला हेसुद्धा नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. भात जिभेवर सुटतोय का, तेवढंच.